खांद्यामागचे मास्तर

आयुष्यात काय केलंत असं कोणी विचारलं, तर मास्तर सरळ सांगायचे, "दुसऱ्यांच्या खांद्यामागे उभा राहिलो." आणि त्यात खोटं काही नव्हतं. कोट शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ते छत्तीस वर्षं कटिंग मास्तर होते. कात्री त्यांच्या हातात शोभायची हे खरंच, पण त्यांचं खरं काम टेबलावर वाकून आखणी करणाऱ्या मुलींच्या मागे चालायचं. कापडी चपला घालून यायचे, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. आखणाऱ्या मुलीला एवढंच जाणवायचं की मागे कोणीतरी उभं आहे. मग यायचा तो प्रश्न, "हं. आणि हे असं का?"

त्या "हं"ला भल्याभल्या टरकायच्या. पण ज्या टिकल्या, त्या अशा तयार झाल्या की कापडाकडे नुसतं बघून सांगतील, इथे शिवणीला सोडलेली माया कमी पडली, इथे शिलाई चुण्या धरणार. शेवटपर्यंत टिकल्या तिघी. थोरली, मधली आणि धाकटी. या काही सख्ख्या बहिणी नव्हेत हो. कामाला ज्या क्रमाने लागल्या त्या क्रमाने मास्तरांनी नावं ठेवली आणि ती चिकटली. थोरली आता नातवंडांची आजी झाली होती, तरी मास्तरांच्या तोंडी ती "अगं थोरले"च.

पुढे कारखान्याची जागा गेली. शिवणकाम शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या शेडमध्ये गेलं. आखणी मात्र आता कॉम्प्युटरवर होत होती, आणि तो कॉम्प्युटर मास्तरांच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीजवळ येऊन बसला. त्याच्यात वीस वर्षांची अकराशे कोटांची मापं होती. आखणीचा प्रोग्राम फक्त त्याच एका यंत्रावर चालायचा, मागे अंगठ्याएवढी एक किल्ली खोचलेली असेल तरच. म्हणजे कोट कोणाचाही असो, तो जन्मायचा मास्तरांच्या खिडकीजवळच.

त्याच वर्षी मास्तरांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, यावर औषध असं नाही. बारा पदरी कापडातून रेघेवर कात्री चालवणारा माणूस चहाचा कप सांडायला लागला. बायकोने, म्हणजे पोरींच्या काकूंनी, काय केलं? कप अर्धा भरायला सुरुवात केली. त्याबद्दल घरात एक शब्द झाला नाही.

माऊससुद्धा मास्तरांना धरवेना. पडद्यावरच्या बाणाला ते "बाण"च म्हणायचे, आणि तो बाण त्यांच्या हाताखाली असा थरथरायचा की एका ठिपक्यावर आणून बसवायला पाच मिनिटं जायची. मास्तर म्हणाले, "संपलं आपलं. आता खिडकीतून रस्ता बघायचा." ते हसत म्हणाले, पण काकूंना ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मग थोरलीने डोकं चालवलं. तिने कुठूनसा एक साधा प्रोग्राम मिळवला. तिच्या घरच्या लॅपटॉपवर मास्तरांच्या कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा दिसायचा, आणि तिने घरून माऊस हलवला की इकडे मास्तरांच्या टेबलावर बाण चालायचा. पहिल्या दिवशी मास्तर दचकलेच.

"अगं, हा बाण आपोआप चालतोय!"

"भूत असेल," काकू आतून म्हणाल्या. "त्यालाही थंडीचा कोट हवा असेल."

तिथून मास्तरांचे दिवस पालटले. सकाळी थोरली यायची, दुपारी मधली, चारनंतर धाकटी. यायच्या म्हणजे बाण यायचा. माणूस आपापल्या घरी. पण मास्तरांना आठवडाभरात बाणाच्या चालीवरून माणूस ओळखता यायला लागलं. थोरलीचा बाण नाकासमोर सरळ जायचा. मधली कुठलंही काम करण्याआधी बाणाने दोन घिरट्या घालायची. धाकटीचा बाण उड्या मारायचा, चुकायचा आणि परत यायचा. मास्तर खुर्ची ओढून बसायचे, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायचे, आणि बघता बघता म्हणायचे, "हं. आणि हे असं का?"

तिकडे, तीन गावांत विखुरलेल्या तीन बायका आपल्या घरात बसल्या बसल्या ताठ व्हायच्या. खांद्यामागे मास्तर उभे आहेत हे त्यांना कळायचं. मास्तरांचा हात गेला होता, पण नजर होती, आणि त्या नजरेला आता काम होतं. खरं सांगायचं तर ती दोन वर्षं मास्तर फार सुखात होते.

आणि मग आलं ते मोठं काम. एका वाद्यवृंदाचे बासष्ट कोट, सहा आठवड्यांत. प्रत्येक वाजवणाऱ्याचं माप वेगळं, हाताची तऱ्हा वेगळी. ढोल बडवणाऱ्याचे हात वर उठणार, व्हायोलिनवाल्याचा डावा हात सदान्‌कदा पुढे.

पाळीपाळीने काम करून हे होणार कसं? तिघी एकाच वेळी आत शिरायला लागल्या. पण पडदा एक, बाण एक! थोरली त्याला कॉलरकडे ओढतेय, मधली खिशाकडे, आणि धाकटी मध्येच उडी मारून बाहीवर. एकदा तर मधलीने पाठीचा भाग नीट बसवला आणि त्याच क्षणी थोरलीच्या ओढाओढीत तो उडून कोपऱ्यात गेला.

"कोणी हलवलं ते?" मधली फोनवर ओरडली.

"मी माझी कॉलर बघत होते," थोरली म्हणाली. "तुझी पाठ मध्ये आली."

"माझी पाठ नाही, गिऱ्हाइकाची पाठ!"

मास्तर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. कारखान्यात कात्रीवरून अशीच भांडणं व्हायची. पण हसून कोट तयार होत नाहीत. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झाली होती, आणि पहिल्या आठवड्यात बासष्टांपैकी चारच कोट आखून झाले होते.

तेव्हा थोरलीने एका कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. पन्नाशीचा, शांत माणूस, खांद्याला पिशवी. त्याने रीतसर परवाना घेऊन नवी व्यवस्था बसवली आणि मास्तरांना समजावून सांगितलं, "कॉम्प्युटर एकच, पण आता त्याच्यात चार खोल्या आहेत असं समजा. तिघींना एकेक, आणि एक तुमची. प्रत्येकीचा पडदा वेगळा, बाण वेगळा. सगळ्या एकाच वेळी काम करतील, कोणाला कोणाचा धक्का नाही."

"छान झालं," मास्तर म्हणाले.

"आणि मास्तर, आता तुम्हाला त्रास नाही," थोरली फोनवर म्हणाली. "सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी सहाला बंद करायचं. बाकी आराम."

आता यात वाईट कोणाच्या मनात होतं का? अजिबात नाही. काम सपाट्याने निघालं. भांडणं थांबली. पण मास्तरांच्या टेबलावरच्या पडद्यावर जे दिसत होतं ती त्यांची स्वतःची खोली होती, आणि त्या खोलीत काही नव्हतं. निळा पडदा, आणि मधोमध एक बाण, ढिम्म.

मास्तर सकाळी बटण दाबायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. सवयच ती. पहिले दोन-तीन दिवस फोन आले, "मास्तर, बरे आहात ना? काम मस्त चाललंय." पुढे तेही कमी झाले, कारण आता प्रत्येकीला हवं तेव्हा काम करता येत होतं, कोणाची पाळी अशी उरलीच नव्हती. मास्तरांनी स्वतः फोन करावा? छे! "कामात असतील. आपण कशाला मध्ये तडमडायचं?" असं म्हणून ते पडद्याकडे बघत बसायचे. कारखान्यात कोणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, मास्तर, आता मागे उभे राहू नका. आताही कोणी म्हटलं नव्हतं. पण झालं तेच, आणि ते त्यांना आत कुठेतरी फार लागलं होतं.

काकू सगळं बघत होत्या. चहा ठेवताना एकदा म्हणाल्या, "अहो, जरा बाहेर चक्कर मारून या."

"बघतो."

"काय बघता? त्या निळ्या रंगात काय आहे बघण्यासारखं?"

असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मास्तरांची डुलकी मोडली. चष्मा कपाळावर सरकला होता. समोर तोच निळा पडदा, तोच बाण, आणि यंत्राचा पंखा आपला घूं घूं करतोय. मास्तर असे की उभ्या आयुष्यात रिकाम्या खोलीत दिवा चालू ठेवला नाही. त्यांच्या मनात आलं, कोणी नाही, काही नाही, हे उगाच कशाला फिरतंय? रोज सहाला बंद करायचे तसं त्यांनी बंद करायला घेतलं. पडद्यावर काहीतरी चौकट आली. यंत्र रोज बंद होताना काहीबाही विचारतंच. मास्तरांनी चष्मा न ओढताच, थरथरत्या बोटाने "हो" दाबलं.

पंखा थांबला. खोलीत अशी शांतता पसरली की बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. आणि मग फोन वाजला. मास्तरांचा. तो उचलेपर्यंत आत काकूंचा वाजला. तो ठेवतात तोवर मास्तरांचा पुन्हा.

"मास्तर, वीज गेली का?" थोरली.

"काकू, काय झालं? माझं एक तासाचं काम उडालं!" मधली.

धाकटी तर नीट बोलेनाच. सकाळपासून तिने एकच बाही आखली होती आणि ती जतन करून ठेवलेली नव्हती. व्हायोलिनवाल्यांची. सगळी गेली.

छत्तीस वर्षांत मास्तरांच्या हातून कोणाची आखणी फाटली नव्हती. एकदासुद्धा नाही. थोरलीने पुन्हा फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "मास्तर, चौकटीत स्पष्ट लिहून येतं, आत तिघं काम करताहेत म्हणून! बंद कसं केलंत?"

"मला वाटलं, आत कोणी नाही," मास्तर म्हणाले.

"कोणी नाही? अहो, आम्ही तिघी रोज सकाळपासून आतच असतो!"

"असाल गं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की थोरलीला फोन कानाला घट्ट लावावा लागला. "पण मला काय दिसतंय?"

तेवढ्यात काकूंनी फोन हातातून घेतला. त्या बाईला राग यायला वेळ लागायचा, पण आला की आला. "थोरले, ऐक. दहा दिवस हा माणूस रिकाम्या पडद्यासमोर बसून आहे. आंघोळ झाली की खुर्चीत. तुम्ही आराम दिलात ना यांना? पुरे झाला आराम!"

दुसऱ्या दिवशी थोरली पहाटेची बस धरून स्वतः आली आणि कॉम्प्युटरवाल्यालाही बोलावून घेतलं. मास्तर कोपऱ्यात बसून होते, अपराध्यासारखे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सोपं आहे. बंद करायचं बटणच मास्तरांच्या खोलीतून काढून टाकतो. पुन्हा असं होणार नाही."

"ते राहू दे," थोरली म्हणाली. "मला एवढंच सांगा, मास्तरांना आम्ही दिसू शकतो का?"

"दिसू शकता की! इथे बसून मास्तर कोणाच्याही खोलीत डोकावू शकतात. मनात आलं तर तिथला बाणही हलवू शकतात. तेव्हा कोणी विचारलं नाही, म्हणून मी लावलं नाही." त्याने पिशवीतून चष्मा काढला. "फक्त दोन तऱ्हा आहेत. एक विचारून, म्हणजे आधी तिच्या पडद्यावर प्रश्न जातो, मास्तर बघू इच्छितात, चालेल का? अर्ध्या मिनिटात तिने हो म्हटलं तर दार उघडतं. दुसरी न विचारता. सरळ आत."

"न विचारताच लावा," थोरली लगेच म्हणाली. "मास्तरांनी आम्हाला कधी विचारलंय?"

"नाही," मास्तर कोपऱ्यातून म्हणाले.

दोघंही वळले.

"कारखान्यात मी मागे उभा राहायचो, तो कारखाना होता. आता पोरी आपापल्या घरात बसल्यात. दुसऱ्याच्या घरात कडी न वाजवता शिरतात का? विचारूनच लावा." मग जरा थांबून म्हणाले, "नको म्हणाल्या तर नको."

थोरलीने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते मास्तरांना दिसू नयेत असं तिला वाटत होतं. मास्तरांना अर्थातच दिसलं.

थोरली जेवून परत गेली. कॉम्प्युटरवाल्याने पडद्यावर तीन मोठी चित्रं करून दिली होती, तीन दारांची. त्या दिवशी मास्तरांचं धाडस झालं नाही. म्हातारपणी परीक्षेला बसावं तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी चष्मा पुसला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, आणि बाण थोरलीच्या दारावर नेऊन बटण दाबलं.

दोन सेकंदांत दार उघडलं. समोर कॉलर, आणि बाण नाकासमोर सरळ चाललेला. "या मास्तर," फोनवर थोरली म्हणाली. मास्तर अर्धा तास बसले. चूक एकही नव्हती, तरी एकदा "हं" म्हणालेच.

दुपारी मधली. तिलाही वेळ लागला नाही. बाणाने दोन घिरट्या घातल्या तेव्हा मास्तरांना जुनी ओळखीची चाल बघून इतकं बरं वाटलं की ते काकूंना हाक मारून म्हणाले, "बघ, बघ, घातल्या घिरट्या!"

चार वाजता त्यांनी धाकटीचं दार वाजवलं.

काही झालं नाही. पडद्यावर एक छोटं चक्र फिरत राहिलं. मास्तर मनात आकडे मोजत होते. वीस. पंचवीस. तीस. चक्र थांबलं आणि चौकट आली, परवानगी मिळाली नाही.

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बरोबरच आहे, त्यांना वाटलं. दिवसभराचं काम गेलं तिचं, आणि ते घालवलं कोणी? घरात लहान मूल, त्यातून वेळ काढून बसते पोरगी. काकूंनी आतून विचारलं, "काय झालं हो?"

"कामात असेल," मास्तर म्हणाले. पुन्हा दार वाजवावं असं मनात आलं, पण बोट पुढे गेलं नाही. एकदा नाही म्हटल्यावर कोणाच्या दारात उभं राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते खिडकीतून रस्ता बघत बसले.

पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

"मास्तर, तुम्ही आला होतात?" धाकटीला धाप लागली होती. "कोपऱ्यात तुमचं नाव दिसतंय. मी बाळाला झोपवत होते हो, आतल्या खोलीत. कशीबशी झोपली. तुम्ही गेलात का?"

"इथेच आहे मी. कुठे जाणार?"

"मग परत या ना." आणि मग एकदम रडकुंडीला येऊन, "मास्तर, ही व्हायोलिनची बाही शिवणशेडने दोनदा परत पाठवलीय. हात पुढे केला की पाठीत ओढ बसते. मी बाही जोडायचा मुंढा मोठा केला, आणखी मोठा केला, तर आणखीच ओढते. परवा उडाली ती तिसऱ्यांदा आखलेली. ती तरी कुठे बरोबर होती! कोणाला सांगितलं नाही मी. पूर्वी सांगावं लागायचं नाही, तुम्ही आपणहून विचारायचात, हे असं का. दहा दिवस कोणी विचारलंच नाही."

मास्तरांनी चष्मा चढवला. बाण दारावर टेकवला. या वेळी दार असं उघडलं, जणू ती कडीवर हात ठेवूनच उभी होती.

समोर बाही होती, आणि बाजूला भलामोठा मुंढा, एखाद्या पोत्याला ठेवावा तसा. मास्तर पुढे वाकले.

"हं," ते म्हणाले. "आणि हे असं का?"

तिकडे धाकटी रडता रडता हसायला लागली.

"अगं, मुंढा मोठा केला की हात मोकळा होईल असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटंच. काख खाली गेली की हात उचलताना सगळा कोट बरोबर उठतो. काख वर घे. अंगाला नीट चिकटू दे. मग हात एकटा हलेल, कोट जागेवर राहील."

"वर म्हणजे किती, मास्तर?"

किती ते मास्तरांना सांगता येईना. ते त्यांच्या हाताला माहीत होतं.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल.

"लावा," धाकटी म्हणाली, आणि तिने आपले दोन्ही हात माऊसवरून उचलून मांडीवर ठेवले.

मास्तरांनी इकडे माऊस धरला आणि तिकडे बाण थरथरायला लागला. धाकटीने तो लगेच ओळखला. तो काखेच्या ठिपक्याकडे निघाला, बाजूने गेला, परत आला, वर गेला, पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी बसला. मग तो ठिपका हळूहळू, हलत हलत वर सरकला, आणि एका जागी थांबला. सगळं मिळून सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ धाकटीने माऊसला हात लावला नाही, "मी करू का" म्हटलं नाही. दिसत होतं ते इतकंच की मुंढ्याचा गोल हळूहळू आखूड आणि सुबक होत गेला.

"आता बाहीचा गोल तू जुळव. पुढचा भाग जरा पोकळ ठेव," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आणि मधून मधून जतन करत जा. माझा भरवसा नाही."

"तुमचाच तर आहे," धाकटी म्हणाली, आणि तिचा बाण उड्या मारत कामाला लागला.

काकू अर्धा कप चहा ठेवून गेल्या, तो निवला, तो नेऊन त्यांनी पुन्हा गरम करून आणला, तोही निवला. शेवटी त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, सहा वाजून गेले. बंद करायचं ना ते?"

मास्तरांनी मान वळवली नाही. फक्त हात वर केला, कारखान्यात कोणी मध्येच बोललं की करायचे तसा.

"थांब," ते म्हणाले. "आत माणसं आहेत."